बांगडीमामांचे दोन हात

जवळ ये गं पोरी. म्हणजे फोन कानाजवळ घे. पुण्याहून तुला ओढून आणायला माझ्या हातात काही नाही. सोरायसिसचं औषध बदलू का, हे तू मैत्रिणीला विचारलंस, तिच्या मावशीला विचारलंस, आणि आजीला सगळ्यात शेवटी? बरं, जिनं औषध दिलं त्या डॉक्टरीणबाईला तर अजून विचारलंच नाहीस! थांब, आधी बांगडीमामांचं ऐक, मग खुशाल रुसून बस.

बांगडीमामांच्या दोन हातांचं आपसात पटत नसे. हे मी नाही म्हणत, तेच म्हणत. आमच्या डोंगरकड्याच्या गल्लीत खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून यायचे आणि ओट्यावर बसताच हातांची कागाळी सुरू करायचे. "उजवा रात्रभर खाजवून राहिला, अन् डावा नवाबावानी झोपला." कोपरांवर लाल चट्टे, त्यांवर पांढरे पापुद्रे. पुढं सांधेही धरले आणि बोटं गाजरासारखी सुजली. बांगडी भरणाऱ्याचं सगळं कसब बोटांत असतं. बाईचा पंजा असा अलगद दाबायचा, की काचेची घट्ट बांगडी सरकन आत जावी आणि तिला कळूसुद्धा नये.

औषधाची परीक्षा मामा आमच्यावर घेत. उजव्या हाताला डांबराचं मलम, डाव्याला पांढरं स्टेरॉइडचं. मग म्हणायचे, "बायांनो, डोळे मिटा अन् सांगा, कोणता हात बराबर?" शेजारच्या शेवंताकाकूनं एकदा डोळे मिटून फार गंभीरपणे निकाल दिला, "उजव्याला सडकेचा वास येऊन राहिला, मामा. अन् डावा लई गुळगुळीत. परक्या माणसानं हात धरल्यावानी वाटतं." आतून तिचा नवरा ओरडला, "मंग उजव्यानंच भरा!"

पांढऱ्या मलमाला मामा जावई म्हणत. "आला की घर चकाचक, गेला की दुप्पट पसारा." आणि खरंच, मलम मनानंच बंद केलं की चट्टे दुप्पट जोमानं उठायचे.

त्याच सुमाराला तुझ्या आईचं लग्न ठरलं. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आणि हट्ट्याहून तुझ्या दुसऱ्या आजीचा निरोप आला, की त्या रोग्याच्या हातानं नवरीला चुडा भरू नका, लागण होईल. मी मामांपासून लपवलं, पण गल्लीत काय लपतं? दुसऱ्या दिवशी मामा आले ते माळा न घेताच. "ताई, पोरीला पहिल्या बांगड्या म्याच भरल्या. चुडा दुसऱ्यानं भरला तर मी हा धंदा सोडून देतो. पर लग्नाआधी हात नीट करून दाखवतो."

ते नांदेडला मोठ्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी बारीकशी पिवळी गोळी दिली. मेथोट्रेक्सेट तिचं नाव. डॉक्टरांनी बजावलं, आठवड्यातून एकदाच घ्यायची. लक्षात राहावं म्हणून बाजाराच्या दिवशी घेत जा. तुला-मला सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. गावाला बाजार आठवड्यातून एकदाच. पण मामांना? आज डोंगरकडा, उद्या हट्टा, परवा नरसी! ते मोठ्या श्रद्धेनं प्रत्येक बाजारात दुकान मांडायच्या आधी गोळी घेऊ लागले. वर मला म्हणतात कसे, "डॉक्टर लई हुशार. माझा धंदा वळखून औषध दिलं." ज्या दिवशी बाजार नसे त्या दिवशी गोळीला हात लावत नसत, आणि पथ्य पाळल्यासारखे खूश असत.

थोड्याच दिवसांत तोंड आतून सोलून निघालं. भाकरी तर सोडाच, पाणी गिळवेना. ताप चढला. तुझ्या आजोबांनी त्यांना जीपमध्ये घालून नांदेडला नेलं, मागे मी. डॉक्टरांनी विचारलं, "कोणत्या बाजाराला घेतली गोळी?"

मामा कसेबसे म्हणाले, "सगळ्याच."

डॉक्टर खुर्चीत बसलेलेच होते, तरी आणखी खाली बसले. रक्तातल्या पेशी घटल्या होत्या. आणखी थोडे बाजार झाले असते, तर मामा हाती लागले नसते.

उतारा दिला, सलाईन लावलं, माणूस वाचला. मग सांध्यांसाठी दुसरी गोळी सुरू झाली, मोठी, रोज दोनदा. तिनं लघवी केशरी झाली तेव्हा मामांनी मला निरोप धाडला, "ताई, लग्न पोरीचं, अन् हळद मला आतून लागली!" वॉर्डातल्या लोकांना ते दोन्ही गोळ्यांमधला फरक समजावून सांगत. "बारकी गोळी सासूवानी. आठवड्यातून एकदाच यावी, रोज आली तर घर मोडती. ही मोठी नणंद. रोज दोनदा येती, पर काम हळू करती."

नणंदेनं फारच हळू केलं. लग्न आलं, चट्टे थोडे फिके झाले, बोटं मात्र वळेनात. मांडवात मामांनी पेटी उघडली आणि हात मांडीखाली घातले. "पोरी, दुसऱ्याला बोलव. मला जमणार न्हाई."

तुझ्या आईनं हात पुढं केला. "काहून न्हाई जमणार? कुठं दाबायचं ते तुमी सांगा, दाबते मी."

मामा सांगत गेले, ती आपलाच पंजा दाबत गेली, आणि बांगडी शेवटी आत सरकवायचे ते मामाच. हट्ट्याची तुझी आजी जवळ येऊन उभी राहिली. "लागण होत न्हाई, हे खरं का?"

"बाई, होत असती तर सगळ्या तालुक्याला झाली असती. मी हात कुणाचा सोडलाय?"

ती हसली नाही. पण खाली बसली आणि तिनं आपला हात पुढं केला.

पुढं डॉक्टरांनी मामांना पुन्हा बारकी गोळी दिली, रक्त तपासत तपासत, आणि आठवड्यातल्या ज्या एका दिवशी कुठंच बाजार नाही त्या दिवशी घ्यायची. कातडी निवळली, बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. नव्या इंजेक्शनांची बातमी आली तेव्हा त्यांनी त्यांबद्दलही डॉक्टरलाच विचारलं. मलमाच्या परीक्षा कधीच बंद केल्या होत्या. एका उन्हाळ्यात झोपेतच गेले. त्या दिवशी गल्लीतल्या बायका बांगड्यांकडे बघत बसल्या होत्या.

तर औषध बदलायचं की नाही ते डॉक्टरीणबाई ठरवतील. तू फक्त जाऊन विचार. आणि इकडं लवकर ये गं. उन्हाळ्यातही लांब बाह्या घालून हिंडतेस म्हणे. इथं येताना आखूड बाह्यांचं घालून ये, तुझी कोपरं मला बघायचीत.