भित्र्या माणसाचं विमान

तुमच्या गावाबाहेरच्या माळावर एक अनोळखी माणूस उभा आहे. तो विजेच्या तारांकडे बघतो, घरांकडे बघतो, मग मान वर करून आभाळाकडे. तुम्ही आधी काय कराल? जवळ जाऊन त्याचं नाव विचाराल, की लांबून त्याचा फोटो काढाल?

उत्तर मनातच द्या, पण खरं द्या. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते मगदूम डॉक्टर असेच एका माळावर उभे होते.

मगदूम डॉक्टर आमच्या डोक्यावर राहायचे, अगदी शब्दशः. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका बोळात खाली आमचं भाड्याचं घर आणि वर त्यांचं घर व दातांचा दवाखाना. मूळचे जयसिंगपूरचे, जैन. घरची शेती आणि बाजारात अडतीचं दुकान. दुकानात भाव ठरवताना आरडाओरडा फार व्हायचा, त्याला भिऊन आपण डॉक्टर झालो असं ते स्वतःच सांगत. भिण्याची त्यांना लाज नव्हती. ते कुत्र्याला भीत, लिफ्टला भीत, गॅसची टाकी बदलताना काकूंना स्वयंपाकघराबाहेर काढत आणि मग स्वतःही बाहेर येत. दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या प्रत्येक पेशंटच्या हातात ते सायकलची घंटी द्यायचे. म्हणायचे, "दुखलं की वाजवा. लाजायचं न्हाय. मीबी तुमच्याइतकाच भ्यालोय." दिवसभर आमच्या छतातून घंट्या ऐकू यायच्या. पप्पा म्हणायचे, वर शाळा भरली आहे आणि सारखी मधली सुट्टी होते आहे.

पप्पा त्यांच्या पक्षाची पत्रकं काढायचे. निळ्या शाईतली, पातळ कागदावरची. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरून. 'उठा', 'जागे व्हा', 'भिऊ नका' हे माझे पहिले शब्द. आमच्या घरात भित्रा ही शिवी होती. त्यामुळे डॉक्टरांचं आणि माझं जिन्यात रोज वाजायचं. ते मला 'पुढारी' म्हणत.

"काका, भीतीनं माणूस गुलाम होतो," मी म्हणायची.

"व्हय की. आणि न भिता दाढ काढली तर जबडा मोडतोय. तुझ्या पत्रकात ते लिव्ह."

"तुम्ही मोर्चाला आला नाहीत."

"आलतो. कोपऱ्यापर्यंत आलतो. पोलिसांची गाडी बघून वडा खाऊन परत गेलो. वडा चांगला होता, पुढारी."

एका दिवाळीनंतर घंट्या कमी झाल्या. डॉक्टरांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही, कपातला चहा हलावा इतका. पेशंटना कळलं नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. त्यांनी आपणहून दाढा काढणं बंद केलं. मी म्हटलं, अजून कुणाला इजा तर झाली नाही ना? ते म्हणाले, "हुईपर्यंत थांबू काय?"

मग कुरियरनं एक लांबट खोका आला. आत विमानाचं किट होतं. रिमोटवर उडणारं, आधी आपण बांधायचं, मग उडवायचं. बाल्सा नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या, त्यात कापून ठेवलेले भाग, एक मोठा नकाशा. ते लाकूड मी हातात घेतलं आणि हातात काही आहे असं वाटेना. "डॉक्टरनं सांगितलंय, हाताला बारीक काम द्या," काका म्हणाले. डॉक्टरांचाही एक डॉक्टर होता, आणि काका त्यालाही भीत.

सगळा हिवाळा दवाखान्याच्या टेबलावर ते विमान वाढत गेलं. नकाशा पसरून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकायचं, म्हणजे डिंक कागदाला चिकटत नाही. त्यावर टाचण्या टोचून पंखाच्या फासळ्या एकेक उभ्या करायच्या. हात कापायचा, म्हणून ते मनगट टेबलाला घट्ट दाबून ठेवत, श्वास सोडत आणि दुसरा श्वास घ्यायच्या आत फासळी जागेवर बसवत. झटपट चिकटणाऱ्या डिंकाची बाटली उघडताना गॉगल, मास्क, खिडक्या सताड. बॅटरी पेट घेते असं कुठंतरी वाचलं, तेव्हापासून ती गॅलरीत मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज व्हायची आणि काका वाळूची बादली घेऊन दारात बसायचे. काकू ओरडायच्या, "विमान बांधताय का बाँब?" सांगाड्यावर ताणायचा लाल-पिवळा पातळ पापुद्रा त्यांनी काकूंच्याच इस्त्रीनं चिकटवला. गरम होताच तो आवळून ढोलासारखा ताठ झाला, आणि त्यावर टिचकी मारताना मी त्यांना पहिल्यांदा भिण्याचं विसरलेलं पाहिलं.

तोल बघायची वेळ आली. विमान पंखाखाली दोन बोटांवर धरून बघतात. त्यांची बोटं कापत होती, म्हणून त्यांनी दोन पेन्सिली उभ्या रोवून त्यावर ते ठेवलं. "नाक जरा जड असलं तर विमान आळशी उडतंय," ते म्हणाले. "शेपूट जड झाली तर कुणाचंच ऐकत न्हाय. तुमच्या पक्षासारखं."

आता जागा हवी होती. इथेच त्यांच्या भीतीनं तो घोळ केला, जो दुसऱ्या कुणा बेफिकीर माणसाच्या हातून झाला नसता. विमान कुणाच्या अंगावर पडलं तर? कुणाच्या छपरावर? तारेवर? शहराबाहेर एक माळ मिळाला. मालक कोल्हापुरातच राहायचा, त्याची परवानगी त्यांनी फोनवरून घेतली. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. उडवायच्या आधीचे दोन रविवार मला स्कूटर काढायला लावून ते तिथं गेले. तारा बघितल्या. वारा कुठून येतो ते धूळ उडवून बघितलं. माळाच्या कडेच्या घरांसमोर थांबून तिथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं, "आज्जी, ह्या घरात दुपारी कोण असतंय? बारकी पोरं हायत काय? रविवारी सगळी रानात जात्यात काय?"

त्यांना कुणाच्या डोक्यावर विमान नको होतं, म्हणून. पण ते प्रश्न पुन्हा एकदा वाचा. तेव्हा सगळीकडे ड्रोनची अफवा उठली होती. चोर आधी ड्रोननं घरं बघून जातात म्हणे. कुणी म्हणे आजऱ्याला दिसला, कुणी म्हणे नेसरीला. गावोगाव पोरं काठ्या घेऊन गस्त घालत होती. आम्हाला ते माहीत होतं. पण ती बातमी चोरांबद्दल होती, आणि आम्ही चोर नव्हतो.

तिसऱ्या रविवारी सकाळी आम्ही गेलो. वारा अगदी मंद होता. मी विमान धरून उभी राहिले, ते रिमोट घेऊन लांब चालत गेले आणि तिथून शेपूट हलते का ते पाहिलं. हलत होती. मग म्हणाले, "टाक." मी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं विमान सोडलं. ते खाली झुकलं, आणि मग उठलं. लाल-पिवळं, उन्हात. काकांनी दोन्ही मनगटं पोटाशी दाबून धरली होती आणि तोंड पांढरंफटक होतं. "पुढारी, उतरंल न्हवं? उतरंल न्हवं गं?" एवढंच ते म्हणत होते. दोन फेऱ्या मारून ते वाळक्या गवतात उतरलं आणि काका मटकन खाली बसून हसायला लागले.

तेव्हाच मोटरसायकलींचा आवाज आला.

आधी दोन आल्या. मग घरांच्या बाजूनं माणसं पळत येताना दिसली, मग ओढ्याच्या बाजूनं. कुणीतरी माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली. "हाच त्यो! दोन रविवार बघालोय आमी!" "आमच्या आज्जीला इचारत होता, घरात कोण असतंय म्हणून!" "कॅमेरा कुठाय? काढ कॅमेरा!" सगळीकडून मोबाइल वर झाले. काकांनी विमान छातीशी धरलं होतं आणि हात नेहमीपेक्षा जास्त कापत होते.

"हात बघा, हात! चोराचंच हात हायत!"

मी बोलले. पत्रकातली वाक्यं तोंडात तयारच होती. कायदा हातात घेण्याचा तुम्हाला अधिकार नाही, मी मोठ्यानं म्हणाले, आणि वर्तुळ एक पाऊल आत आलं. "ए बाई, कायदा शिकवायलीस व्हय? टोळीत बाई असतीयाच!" माझ्या समोर शाळेचा खेळाचा शर्ट घातलेला एक मुलगा होता, त्याच्या हातात खुरपं होतं, आणि ते कसं धरायचं हे त्यालाही कळत नव्हतं. त्याच्याकडे बघून मी पुढचं वाक्य अर्ध्यात सोडलं. मागून कुणीतरी काकांच्या कानाखाली मारली. चष्मा गवतात पडला. मला एवढंच आठवतं, की आता पुढचा हात कुणाचा उठेल हे मी डोळ्यांनी शोधत होते.

काका गवतात बसले. विमान मांडीवर घेतलं. आणि पेशंटशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "दमानं. मी उघडून दाखवतो. दुखलं तर सांगा."

त्यांनी हत्यारांच्या डब्यातून ब्लेड काढलं. "हत्यार काढलं रं!" असा गिल्ला झाला आणि एक काठी वर गेली. त्यांनी ब्लेड लगेच लांब फेकलं, दोन्ही पंजे दाखवले. "ब्लेड नको. बोटानं फाडतो." आणि त्या कापऱ्या बोटांनी त्यांनी पंखाचा पापुद्रा टराटरा फाडला.

"ह्या फासळ्या. ह्यातनं पलीकडचं दिसतंय बघा. ही मोटर. ही बॅटरी. ही तार शेपूट हलवती. ह्यात डोळा न्हाय." एकेक भाग काढून ते समोर ठेवत गेले. जे सुटेना ते मोडलं. बाल्सा मोडताना आवाज फार होत नाही, पापड मोडावा तेवढाच. सगळा हिवाळा मी ज्या फासळ्या उभ्या राहताना बघितल्या, त्या त्यांनी स्वतः मोडून लोकांच्या हातात दिल्या. "घ्या. तुमीच बघा." लोक घेऊन बघत होते. आरडाओरडा हळूहळू विरत गेला, पण वर्तुळ उघडलं नव्हतं. कॅमेरा नाही म्हणून माणूस चोर नाही, असं कुणी अजून म्हटलं नव्हतं.

मग माणसांना कोपरानं ढकलत एक म्हातारी आत आली. काकांनी ज्यांना प्रश्न विचारले होते, त्यांच्यातलीच.

"आरं, ह्येचं नाव तरी इचारलासा काय कुणी?" ती ओरडली. ती वाकली. "पावणं, नाव काय तुमचं?"

"मगदूम," काका म्हणाले. "दात काढतो. काढत होतो."

"उठा. पाणी घ्या चला."

तिनं किल्ली मागून घेतली आणि आम्ही स्कूटरवर बसेपर्यंत ती आमच्या शेजारी उभी राहिली. जाताना एकजण म्हणाला, "काळ वाईट हाय, समजून घ्या." माफी कुणी मागितली नाही. विमानाचे तुकडे तिथंच राहिले.

रस्त्यात काकांचा हात माझ्या खांद्यावर होता.

"भ्यालीस काय, पुढारी?"

"व्हय."

"ती माणसं बी भ्यालती गं," ते म्हणाले. "मी भ्यालो की दोनदा बघून घेतो. ती भ्याली की मारत्यात. एवढाच काय तो फरक."

आम्ही घरी पोचायच्या आत व्हिडिओ पोचला होता. त्यात कापणारे हात आहेत, मारलेली चापट आहे, माझा ओरडण्याचा आवाज आहे. पापुद्रा फाडलेला त्यात नाही. म्हातारी नाही. वर लिहिलं आहे: ड्रोनवाली टोळी सापडली, चेहरा ओळखून ठेवा.

लोकांनी चेहरा ओळखून ठेवला. जुने पेशंट जिन्यातून परत जायला लागले. जयसिंगपूरच्या एसटी स्टँडवर काही पोरांनी काकांना घेरलं, तेव्हा एका कंडक्टरनं त्यांना गाडीत ओढून दार लावून घेतलं. आम्ही तक्रार दिली. व्हिडिओ पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगा, असं पोलीस म्हणाले. ते कोण सांगणार? दवाखाना बंद झाला. काका-काकू जयसिंगपूरला भावाच्या घरी गेले. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले तेव्हा दार साखळीएवढंच उघडलं, आणि माझ्याकडे बघायच्या आधी ते माझ्या मागं कोण आहे ते बघत होते. चहा घेतला. ते एकदाही मला पुढारी म्हणाले नाहीत.

गेल्या आठवड्यात माझ्याच एका नातेवाइकानं तो व्हिडिओ मला पाठवला. आता त्यावर दुसऱ्याच गावाचं नाव आहे. म्हणजे उद्या तिसऱ्या गावात कुणीतरी तो चेहरा शोधेल.

मी आता तुम्हाला 'भिऊ नका' म्हणणार नाही. मी स्वतः भिते. फोन वाजला तरी दचकते. माझं मागणं छोटं आहे. तुमचा फोन उघडा. गवतात बसलेला, चष्मा पडलेला, हात कापणारा एक म्हातारा त्यात कुठं असेल तर शोधा. नुसता पुसू नका. ज्या ज्या गटात तो आला आणि तुम्ही पुढं पाठवला, तिथं तुमच्या नावानं लिहा: हा माणूस चोर नाही. हे मगदूम, दाताचे डॉक्टर. ह्या व्हिडिओवर लिहिलेलं खोटं आहे, पुढं पाठवू नका.

उद्या नको. हे पान खाली ठेवून आत्ता लिहा. ते अजून दाराला साखळी लावून बसले आहेत.