दुसऱ्या दिवशी कडू होणारा रस

किण किण किण. पाण्याच्या टाकीत दिवसभर हलणारे काचेचे चंबू हळूच एकमेकांना टेकायचे, त्याचा तो आवाज. नागपूरच्या फळांच्या लॅबमध्ये मी अटेंडंट होतो. नोकरी सुटून किती वर्षं झाली, पण दुपारी डोळा लागला की अजून ती किणकिण येते. तिच्यामागून संत्र्याचा वास येतो आणि वासामागून किस्से. टोपलीत साली साचाव्या तसे साचलेत. वरवरचे चार-पाच उचलतो.

* * *

आमच्या लॅबच्या शास्त्रज्ञ बाईंची सारी नोकरी एका प्रश्नात गेली. आपल्या संत्र्याचा रस आज काढला तर गोड, ठेवला तर दुसऱ्या दिवशी कडू. त्यांना तो गोडच ठेवायचा होता.

स्टोअरकीपर गुलाबरावांनी विचारलं, एवढ्यासाठी सरकार पगार देतं? बाईंनी शांतपणे समजावलं. रस टिकला तर बाजारात कोणी न उचललेलं बारीक फळ कारखान्यात जाईल, माणसांना काम मिळेल, बाटल्या परदेशात जातील, देशाची कमाई होईल. आणि रस टिकला की नाही हे चाखून सांगणार मारोती. म्हणजे मी. चौथी पास, पण जीभ तेज.

गुलाबराव म्हणाले, "म्हणजे देशाचं सारं याच्या जिभेवर हाये? मंग याले चहा तं बरा पाजा!"

* * *

जिभेसाठी बाईंनी मला तंबाखू सोडायला लावली. मी त्याच दिवशी सोडली. बायकोनं दोन दिवस माझे खिसे तपासून पाहिले. तिसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्तानं लॅबमध्ये आली आणि बाईंना म्हणाली, "दहा वर्सं मी सांगून राहिली, आयकलं नाही. तुमचं आयकते. आता घोरन्याचंबी सांगून पाहा न, बाई."

* * *

रसातला कडूपणा खाणारी एक बुरशी असते, असं बाई म्हणायच्या. ती शोधायला मला संत्र्यांच्या बाजारात पाठवलं, सडकं फळ आणायला.

पहिला व्यापारी भडकला. माझ्या ढिगात सडका संत्रा? त्या बाजूच्याकडे जा! बाजूच्यानं त्याच्या बाजूच्याकडे धाडलं. असा सारा बाजार फिरून मी पुन्हा पहिल्यापाशी आलो. त्याच्या पायाजवळच एक हिरवट, मऊ पडलेलं फळ होतं. मी उचललं. तो म्हणाला, "हा माहा नोहे."

कोणाचंच नसलेलं ते फळ मी रुमालात बांधून आणलं. त्यावरचीच बुरशी पुढं सात वर्षं आमच्या चंबूंत किणकिणली.

* * *

चाखायला आम्ही पाच जण बसायचो. बाकीचे चौघे माझ्या तोंडाकडे पाहून कागदावर खूण करायचे. बाईंनी मध्ये पडदे लावले. तेव्हा पलीकडून गुलाबरावांचा दबका आवाज आला, "मारोतराव, कडू असला तं खाकरा न गा."

बाई स्वतः मात्र कधीच चाखत नसत. म्हणायच्या, "आपलं लेकरू कोणत्या आईला नकटं दिसतं?"

* * *

बाईंच्या निवृत्तीला महिना उरला होता. हिंगण्याचा एक कारखाना रस भरायला तयार होता, फक्त शेवटची चाचणी जमायला हवी होती. तीन आठवडे ठेवलेला रस कपांत ओतला. हिवाळ्याचं ऊन कपांतून टेबलावर पिवळं सांडलं होतं.

मी घोट घेतला. खाकरलो नाही. पडद्यापलीकडे चारही पेन्सिली हलल्या. गोड. गुलाबरावांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरून आले.

सगळे चहाला गेले. मी तिथंच बसून राहिलो. आठवडाभर तापानं पडलो होतो, कालच उठलो होतो. शेवटी म्हणालो, "बाई, आज सकाळी दात घासताना मले निंबाची काडीबी कडू नाही लागली."

बाईंनी माझाच कप उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. डोळे मिटून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. कप स्वतः धुतला, फडक्यावर पालथा ठेवला आणि कारखान्याला जायचा चाचणीचा कागद सही न करताच टेबलावर सोडून लांब व्हरांड्यातून चालत गेल्या.