नाचणगावची घोडी आणि आमचा तोफखाना

माझं पोस्टिंग उत्तरेच्या बर्फात होतं. युनिट ॲनिमल ट्रान्सपोर्ट, म्हणजे खेचरांची कंपनी. जिथे ट्रकचा रस्ता संपायचा तिथून आमचं काम सुरू व्हायचं. रेशन, रॉकेल, दारूगोळा वर पोस्टवर न्यायचा आणि आजारी, जखमी जवान खाली आणायचे. मी हुद्द्याने नायक होतो. शामराव वाघाडे माझ्या हाताखाली ड्रायव्हर. आमच्यात खेचर नेणाऱ्यालाच ड्रायव्हर म्हणतात. दोघंही नाचणगावचे.

गावात मात्र आम्ही तोफखान्यात होतो. शेजारी पुलगाव, तिथे दारूगोळ्याचा डेपो. फौज म्हणजे बार उडवणारी, एवढंच लोकांना ठाऊक. खेचरांचं सांगितलं असतं तर पारावर एकच हशा झाला असता. ‘गाढवंच हाकायची होती तं गावात काय कमी होती?’ पहिल्या सुटीत शामरावने तोफेची थाप मारली. मी मान डोलावली. पुढे तीच थाप दोघांच्या अंगवळणी पडली.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. शामराव एका जखमी जवानाला खाली आणत असताना गेला. मी अस्थी घेऊन गावात आलो. लोक म्हणाले, तोफेवर वीरमरण आलं. मी गप्प बसलो. त्याची बायको कुसुमवयनी ओसरीत बसली होती, मांडीवर त्यांची तान्ही लेक, तारा. पुढे दीडेक वर्षात ताराला पोलिओ झाला आणि तिचे दोन्ही पाय लुळे पडले.

मी हवालदार होऊन पेन्शनीत आलो तेव्हा ऐंशीचं दशक लागलं होतं. तारा नऊ-दहा वर्षांची झाली होती. सरकत सरकत अंगणात यायची आणि कोणी दिसलं की पाय लुगड्याच्या धडप्याखाली झाकायची. जिल्ह्याच्या दवाखान्यातले एक डॉक्टर म्हणाले होते, असं मूल चालत्या घोड्यावर बसवलं तर कंबर आणि पाठ धरू लागते. ते ऐकून मला राहवेना. जनावर चालवणं एवढी एकच विद्या मला येत होती.

पुलगावच्या बँडवाल्याकडे वरातीची एक घोडी होती. लगीनसराई संपली की नुसती कडबा खायची. मी तिच्या चाऱ्याची जबाबदारी घेतली. खोगिराऐवजी जाड गोधडी, वर निवारीचा पट्टा. शाळेमागच्या मैदानात रोज सकाळी गावातल्या अशा पोरांना फिरवायचं ठरलं. दोन घरं कबूल झाली. वयनी झाल्या नाहीत.

त्या सुपात तूर पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “भाऊजी, तुमी तोफेवाले मानसं. घोडीचं तुमाले काय समजते? माह्या पोरीले पाडसान अन् मंग?”

“नाई पाडत, वयनी.”

“काऊन नाई? कधी धरलं जनावर?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते दिलं की शामराव खोटा ठरणार होता. मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडायला येत नाही. न द्यावं तर पोर ओसरीतच बसणार. ताराकडे पाहिलं. तिने पाय झाकले.

“जन्मभर तेच केलं,” मी म्हणालो. “आमी तोफेवर नोयतो. खेचरं हाकत होतो. मी बी अन् शामराव बी.”

सूप थांबलं.

“खेचरं?”

“हो.”

“मले काऊन नाई सांगतलं त्याईनं?”

“लाज वाटे, वयनी. दोघाईले.”

मग सगळं सांगितलं. अरुंद वाट, एका अंगाला दरी. शामरावच्या खेचरीवर जखमी जवान पट्ट्याने बांधलेला. कडेचा बर्फ तुटला आणि खेचरीचे मागचे पाय दरीत गेले. जनावर जात असेल तर दोर सोडायचा, असा आमच्यात सक्त नियम. मी पुढून ओरडलो, “शामराव, रस्सी छोड!” त्याने सोडली नाही. टाच रोवून ओढून धरली. मागच्या ड्रायव्हरने पट्टा कापून जवानाला वाटेवर ओढून घेतलं. मग शामराव खेचरीसकट गेला.

वयनींनी सूप बाजूला ठेवलं.

“ज्याले बांधलं होतं, तो वाचला?”

“वाचला. पायानं चालते आता.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. “सकाळी आना मंग घोडी.”

पहिल्या दिवशी तारा आयाळ धरून रडली. वयनी एका बाजूने तिची मांडी धरून चालल्या, दुसऱ्या बाजूने माझी बायको, मी घोडीच्या खांद्याशी. मैदानाच्या भिंतीवर बसलेले टवाळ ओरडले, “नवरदेव कुठं हाये?” माझेच कान तापले. तारा मात्र दुसऱ्या फेरीला रडायची थांबली. पावसाळा सरेपर्यंत ती कोणी न धरता पाठ ताठ ठेवून बसू लागली. ती चालू लागली नाही, हेही सांगतो. पण पाय झाकणं तिने सोडलं. पुढे आणखी दोन पोरं आली.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन होतं. आमची घोडी, पोरं, सगळ्यांना बोलावलं. मला खुर्ची दिली. गुरुजींनी भाषणात माझं नाव घेतलं, तोफखान्यातले हवालदार म्हणून. मग तोफेशेजारी वीरमरण आलेले म्हणून शामरावचं. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. एवढं होऊनही जोडले.

बायकांच्या घोळक्यातून वयनी उभ्या राहिल्या. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव उखाण्यात घेते, एरवी नाही.

“गुरुजी, चूक हाये,” त्या म्हणाल्या. “शामराव वाघाडे तोफेवर नोयते. शामराव वाघाडे खेचरं हाकत होते.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

“हासा,” वयनी म्हणाल्या. “त्याईनं धरून ठेवला तो मानूस जिता हाये.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड शरमेने काळं पडलं होतं. त्या बाईने तिचा माणूस भर गावात परत मागून घेतला होता, आणि मी त्याचा नायक, खुर्चीवर हात जोडून बसलो होतो. अखेर उठलो. सावधान उभा राहिलो. गावासमोर इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललो, “ड्रायव्हर शामराव वाघाडे, ॲनिमल ट्रान्सपोर्ट. माझ्याच कंपनीतला.”

बोललो, पण त्याच्या बायकोच्या मागून.