पूजेच्या हवेची जीप

डहाणूच्या गोपीनाथ चुरींनी उभी नोकरी रुळांवर काढली. रेल्वेत मुकादम होते. हातोडीने रूळ ठोकायचा, कान लावायचा आणि पुढे सरकायचं. रुळांशिवाय जे चालतं ते आज ना उद्या घसरतंच, असं त्यांचं ठाम मत. त्यात माणसंही आली. अशा गृहस्थांनी निवृत्तीनंतर वेवजीच्या एका वाडीवाल्याकडून जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली, तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा चळला.

चळला नव्हता, बायकोपुढे टेकीला आला होता. जयमालाबाईंचं माहेर नरपडचं. गुडघे गेल्यापासून त्यांना वाळू तुडवता येईना आणि समुद्रात पाय घातल्याशिवाय जीव शांत होईना. भाऊ ललित म्हणाला, "ताई, खुर्चीत बसवून उचलून नेतो." बाई कडाडल्या, "मी काय विसर्जनाचा गणपती आहे?" तेव्हापासून माहेरी गेल्या की त्या समुद्राकडे पाठ करून बसायच्या. गोपीनाथांना ती पाठ बघवेना.

टायरच्या दुकानातल्या गुजराती दीपेशने खोल नक्षीचे, चिखलात चालणारे टायर काढले. "काका, आ लई जाव. ट्रॅक्टरसारखी पकड!" गोपीनाथांनी पिशवीतली हातोडी काढून टायर ठोकला आणि त्याला कान लावला.

"काका, आ टायर छे, रेल्वेना पाटा नथी!"

"हा वाळू उकरणार आणि स्वतःच गाडला जाणार. रुळाखाली स्लीपर कशाला असतो? भार पसरायला. मला रुंद टायर दे, नक्षी बेताची. आणि रिम लहान, म्हणजे रबराची भिंत उंच राहील. हवा कमी केली की भाकरीसारखा पसरला पाहिजे." दुकानातला एकूण एक टायर ठोकून त्यांनी चार निवडले.

निवड चोख होती. घोडं अडलं ते विवळवेढ्याला. नव्या टायरांची पूजा महालक्ष्मीपुढे व्हायलाच हवी, हा बाईंचा हट्ट. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, चारी टायरांना कुंकू लागलं. मग बाईंनी हायवेवर हवा ठासून भरून घेतली आणि बजावलं, "ही पूजेची हवा. हिला हात लावायचा नाही." ज्या माणसापुढे रुळांवरच्या कामगारांची गँगची गँग चळाचळा कापायची, तो "बरं" म्हणाला.

नरपडला जीप वाळूत शिरली आणि सुरूची झाडं ओलांडते न ओलांडते तोच पोटापर्यंत रुतली. निम्मा गाव जमला. कोणी झावळ्या घातल्या, कोणी बैल आणू म्हणालं, एकाने बॉनेटलाच हात जोडले. गोपीनाथ बाईंच्या खिडकीशी आले. "अर्धी हवा सोडू दे."

"देवीची हवा सोडलीत तर मी गाडीतून उतरणार नाही!"

उतरता त्यांना तसंही येत नव्हतं, पण हे सांगायची गावात कुणाची छाती झाली नाही.

एवढ्यात ओहोटी लागली. इकडचा समुद्र निघाला की रेंगाळत नाही. इथे वाद चालू आणि तिथे पाणी लांब लांब चाललेलं. बघता बघता बाईंचे डोळे भरून आले. "अर्धीच," त्या म्हणाल्या. "आणि वाया घालवायची नाही."

मग काय! व्हॉल्व्ह फुसफुसू लागला तशी बायकांनी आरती घ्यावी तशी ती हवा ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावली. चारी टायरांपाशी रांगा लागल्या. एक म्हातारी दुसऱ्यांदा आली तेव्हा गोपीनाथ खेकसले, "आजी, पुरे! गाडी चालवायचीय."

टायर पसरले, जीप हलली आणि थेट पाण्यात जाऊन उभी राहिली. ललितने दार उघडलं. बाईंनी पाय खाली सोडले. ते पोचेनात. पाण्याच्या वर चार बोटं लटकत राहिले. लाटेची वाट बघावी तर समुद्र निघालेला, आणखी आत जावं तर इंजिनात पाणी.

गोपीनाथ कपड्यांसकट पाण्यात बसले. कुणाला न विचारता त्यांनी एका चाकाची हवा मोकळी सोडली, मग दुसऱ्याची. जीप बुडबुडे काढत, कुरकुरत खाली बसू लागली. भरती आली की ही बाहेर कशी काढायची, म्हणून ललित ओरडत होता. गोपीनाथांचं लक्ष फक्त बाईंच्या पावलांकडे होतं.

बोटं पाण्याला लागली. जयमालाबाईंनी डोळे मिटले.

"अहो," त्या म्हणाल्या, "अजून थोडी सोडा ना."