अवचितगडावरचं अस्वल आणि न बोलणारे चाचा

नफीसाचा फोन आला तेव्हा मी पेणच्या बाजारात कोकमं निवडत होते. "आमच्या गडावर अस्वल आलंय गो," ती म्हणाली. कोकमं राहिली टोपलीतच. बिबट्याच्या गोष्टी आपल्याकडे कुणीही सांगतं, पण अस्वल? रोह्यात? मला अशा बाबतीत दम निघत नाही, हे घरचे जाणतात.

नफीसा माझी कॉलेजची मैत्रीण, माहेर-सासर दोन्ही रोह्यातलं, आता रोह्याजवळच वरश्याला राहते. फोन मात्र अस्वलासाठी नव्हता, तिच्या वडिलांसाठी होता. युसूफचाचांनी उमेदीची सगळी वर्षं कुवेतच्या जनरेटरांपाशी घालवली, त्यात एक कान पार गेला, दुसरा अधू झाला. गेल्या वर्षी बायको, जैबूनचाची, गेली आणि चाचांचं बोलणंच थांबलं. जेवण पुढे आलं तर जेवायचे, नाहीतर तसेच बसायचे. फक्त रोज सकाळी अवचितगडाच्या वाटेनं एकटे चढून यायचे. अस्वल दिसल्याची बातमी आल्यावर नफीसानं तेही बंद केलं. "धड ऐकू येत नाय, तोंडातून शब्द नाय, त्यांना एकटं कसं सोडू? पण घरात बसून ते सुकत चाललेत. तू ये, एकदा त्यांच्याबरोबर वर जाऊन बघू, मग ठरवू."

शनिवारी स्कूटी काढली. वडखळपर्यंत कंटेनरांच्या मागे धूळ खात गेले. नागोठणं ओलांडल्यावर रस्ता बरा आहे, खांबला टपरीवर चहा-वडापाव मिळतो, आणि कोलाडहून उजवीकडे वळलं की रोहा आलंच. वरश्याला पोचल्याबरोबर आम्ही वनखात्याच्या ऑफिसात गेलो. तुम्ही जाणार असाल तर हे आधी करा. तिथल्या वनरक्षकानं घाबरवलं नाही आणि धीरही दिला नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला जाऊ नका, एकटं जाऊ नका, जनावर दिसलं तर पळू नका, फोटोच्या नादी लागू नका, आणि मुख्य म्हणजे बोलत जा, असं त्यानं सांगितलं. अस्वलाची नजर कमजोर असते. माणूस अचानक समोर आला की ते बिथरतं. दुरून आवाज आला तर बहुतेक वेळा स्वतःच बाजूला होतं.

मी मात्र मनात ठरवून टाकलं होतं, आपण गुपचूप जायचं म्हणजे दिसेल तरी!

रविवारी ऊन चांगलं वर आल्यावर चाचांना घेऊन निघालो आणि पायथ्याच्या वाडीत नफीसाची गाडी लावली. सोबतीला तिथल्या हिराबाई आल्या. जळणाची फाटी गोळा करायला त्या नेहमी वर जातात, पण अस्वल आल्यापासून त्याही घरातच होत्या. नफीसानं डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेतली होती. हिराबाईंनी डबा हुंगला आणि म्हणाल्या, "ह्या घेऊन चाललीस व्हय? त्याला आवतण देतेस काय?" चटणी गाडीच्या डिकीत गेली. (परत आल्यावर डिकीला जो वास मारत होता त्याबद्दल लिहीत नाही.) पाणी मात्र भरपूर घ्या, वाटेत मे महिन्यात काही मिळत नाही.

वाडी सुटल्यावर पहिल्याच वळणाला फणसाचा वास आला. खाली घळीत चारखंडांचा, म्हणजे फणसाच्या सालपटांचा ढीग. सगळी वाडी फणसपोळ्या घालण्यात गुंतलेली, आणि उरलेलं सारं इथे. शेजारी खणून उलटंपालटं केलेलं वारूळ, आणि थोडं पुढे वाटेतच मोठी विष्ठा, फणसाच्या आठळ्यांनी भरलेली. आम्ही तिघी त्या आठळ्यांकडे बघत राहिलो.

"ढीग कुणी टाकला?" मी विचारलं.

"आमीच," हिराबाई ओशाळून हसल्या. "दर वर्षी टाकतो गो. आता पुरायला लागंल."

तिथून हिराबाई दर वळणावर थांबून कुकारा द्यायला लागल्या. लांबलचक "कूऽऽ", दरीतून परत येणारा. नफीसा देत होती. मीही देत होते, पण लाजत, हळू, कारण मला अजून अस्वल बघायचं होतं. चाचा पुढे, मान खाली, गप्प. हिराबाई त्यांच्या चांगल्या कानाशी गेल्या. "चाचा, कुकारा द्या."

चाचांनी मान हलवली. खूप वेळानं म्हणाले, "नुसतं ओरडायला नाय जमत."

"मग कुणाला तरी हाक मारा."

चाचा वळण घेऊन आमच्या नजरेआड झाले, आणि त्याच बाजूची करवंदीची जाळी हलली. वारा नव्हता. आतून जड फुसकारा ऐकू आला, आम्हाला. चाचांना तो ऐकू जाणं शक्य नव्हतं. माझं सगळं कुतूहल तिथल्या तिथे विरलं. नफीसा "अब्बा!" म्हणून किंचाळली.

आणि पलीकडून हाक आली. "जैबूऽऽन!"

एवढा मोठा आवाज त्या वाळक्या माणसात होता! पुन्हा आली, "जैबूऽऽन!" जाळी जोरात खसखसली, काळीभोर केसाळ पाठ क्षणभर दिसली आणि घळीत उतरून गेली. आम्ही पळालो नाही, पाय हललेच नाहीत. वळणापलीकडे चाचा दगडावर बसले होते. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. ते ढसाढसा रडत होते आणि नफीसा त्यांना धरून रडत होती. वर न जाता आम्ही तिथूनच परतलो. उतरताना मी गळा फाटेपर्यंत कुकारे दिले, लाज कसली?

पेणला येऊन आता बरेच दिवस झाले. फोटो एकही नाही, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवणारे कमी. वाडीनं चारखंडं पुरायला सुरुवात केली, अस्वल पुन्हा कुणाला दिसलेलं नाही. तरी गड सुरक्षित झाला असं मी म्हणणार नाही. विचारून जा, सोबतीनं जा, बोलत जा.

काल नफीसाचा फोन आला. अब्बा आता फाटीवाल्या बायांबरोबर गडावर जातात, आणि सगळी वाट अम्मीशी बोलतात. मोठ्यानं.

"बाया हसत नाहीत?" मी विचारलं.

"हसतायत कसल्या? परवा अब्बांनी अम्मीकडे माझी कागाळी केली, की मी चहात साखर घालत नाय. खाली उतरल्यावर हिराबाईनं घरी येऊन मलाच झापलं!"