जानकीबाईच्या भिंतीचा चुना

‘अपात्र. कारण : पक्क्या भिंती.’

कॉम्प्युटरवर हे वाचलं. नाव वेवजी गावच्या जानकीबाईचं. मी तालुक्याच्या कचेरीत घरकुल योजनेचा कंत्राटी इंजिनीअर. जुन्या घराचा फोटो काढून ॲपवर चढवायचा, वरचे लोक तो बघून पात्र-अपात्र ठरवतात. हा फोटो माझाच होता.

घर कुडाचं होतं, म्हणजे कारवीच्या काठ्या बांधून वर शेणमाती लिंपलेलं. पण फोटोत भिंत पांढरीशुभ्र, सिमेंटच्या गिलाव्यासारखी. नवरा-बायको घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला. झाडांच्या बुंध्यांना लावून उरलेला चुना त्यांनी आणला आणि साहेब येणार म्हणून दर्शनी भिंतीला मारला. त्या दिवशी मला घाई होती. समोरून एक फोटो काढला आणि निघालो.

बीडीओ मॅडम म्हणाल्या, “बाईनं सरकारलाच चुना लावला की हो.”

“तिनं भिंतीला लावला, मॅडम. तिला मी लावला.”

त्या हसल्या नाहीत. उद्या पाचला यादी लॉक होणार, भिंत कुडाची असल्याचा फोटो त्याआधी आणा, म्हणाल्या. यादी एकदा लॉक झाली की पुढची कधी, ते देवालाही ठाऊक नसतं.

सकाळी वेवजी गाठलं, तर दाराला कुलूप. फोन बंद. तसाच घोलवडला. तीन वाड्या पालथ्या घातल्यावर जानकीबाई चिकू निवडताना सापडली. तिला बाइकवर बसवून परत आलो तेव्हा तीन वाजले होते. आतून फोटो काढला, पण आतही लिंपण आणि अंधार. काठी कुठेच दिसेना. शेवटी म्हणालो, जानकीबाई, भिंत थोडी फोडावी लागेल.

ती म्हणाली, “सायेब, तुमी येनार म्हून तर चांगली केली.”

मग तिनंच कोयता आणला आणि दाराशेजारचा हातभर चुना लिंपणासकट खरवडला. आतून कारवी उघडी पडली. फोटो चढला तेव्हा साडेचार झाले होते. तिचं नाव यादीत परत आलं.

तेव्हापासून मी आधी भिंतीवर टिचकी मारतो, मग फोटो काढतो.

यंदा तिचं घरकुल पुरं झालं. शेवटचा फोटो काढायला गेलो. विटांच्या भिंती, गिलावा झालेला, पण रंग नाही. म्हटलं, चुना राहिला का?

“चुना हाये घरात,” ती म्हणाली. “तुमचा फोटू झाला का लावते.”