काखेतल्या निळ्या ग्रंथी

गल्लीत तिला सगळे शिवणबाई म्हणत. शाळेचे गणवेश, पडदे, बाळांची झबली, जे येईल ते ती शिवायची. माप घेताना थोरामोठ्यांनाही दरडावायची, "पोट आत ओढू नका, कापड काही फसत नाही!" नवरा बसचा ड्रायव्हर, अबोल माणूस. तिच्या उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हापासून तर त्याची वाचाच बसली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"स्तन काढावा लागेल, ते ठरलंय. प्रश्न काखेचा आहे. हा रोग पसरायला लागला की बहुतेकदा आधी काखेतल्या ग्रंथींत जातो. म्हणून मी गाठीजवळ निळं औषध टोचणार. ते वाहत आधी ज्या ग्रंथींत पोचेल, त्या निळ्या दिसतील. तेवढ्याच काढून, ऑपरेशन चालू असतानाच प्रयोगशाळेत तपासायला पाठवायच्या. तिथे त्या गोठवून, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या साफ असतील, तर बाकीच्या ग्रंथींना मी हात लावणार नाही."

"आणि नसतील तर?" तिनं विचारलं.

"तर बाकीच्याही काढाव्या लागतील. मग हात जड होऊ शकतो, सुजू शकतो."

नवरा घाईघाईनं म्हणाला, "हात सांभाळा हो तिचा. शिवणात जीव आहे तिचा."

"अहो, मीच नसले तर नुसता हात काय शिवणार आहे?" ती त्याच्याकडे वळली आणि मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "झोपेत तुम्ही मला विचारणार कुठून? म्हणून आत्ताच सांगते. असेल, तर सगळं काढा."

ऑपरेशनच्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसला. शेजारी त्याची बहीण होती, जिभेची फटकळ. "दादा, पाय आवर. बाक हलतोय, मला मळमळतंय." तो थांबला, पुन्हा हलवू लागला.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. "दोन निळ्या ग्रंथी मिळाल्या. एकीत रोग आहे. त्यांनी सांगितलं होतं, तसंच करतेय." त्यानं मान डोलावली. त्या आत गेल्या तरी तो मान डोलावतच होता. बहिणीनं त्याचा हात आपल्या हातात घेतला.

शुद्धीवर आल्यावर तिनं कोरड्या ओठांनी विचारलं, "सापडलं का काही?"

'सगळं ठीक आहे' एवढंच म्हणायचं, असं त्यानं घोकून ठेवलं होतं. तोंडून निघालं, "एकीत होतं. बाकीच्या काढल्या."

तिनं डोळे मिटले. कडेनं पाणी ओघळलं. मग म्हणाली, "बरं झालं, खरं बोललात. खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात."

दुसऱ्या दिवशी नणंद तिला धरून संडासात घेऊन गेली आणि ओरडतच बाहेर आली, "दादा, वहिनीला हिरवी लघवी होतेय!" नर्स हसत सुटली. ती निळ्या औषधाची करामत होती, एकदोन दिवसांत जाणारी. आतून आवाज आला, "अख्ख्या वॉर्डाला सांगा आता!" टाके दुखत होते, तरी ती हसत होती.

पुढची औषधं, किरणोपचार, गळालेले केस, सगळं तिनं सोसलं. हात वर जायचा नाही. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करताना ती रडकुंडीला यायची. मग नवरा शेजारी उभा राहून आपलीही बोटं तिच्याइतकीच सावकाश चढवायचा.

दोन वर्षं झाली. तपासण्या ठीक येताहेत. जड पडदे तिनं सोडले, झबली आणि गणवेश शिवते. एखाद्या संध्याकाळी हात सुजतो. मग ती तो उशीवर ठेवते आणि नवरा दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे मनगटाकडून खांद्याकडे अलगद बोटं फिरवतो.

"हळू हो, ते काय बसचं स्टिअरिंग आहे?"

तो आणखी हळू होतो. बोलता बोलता तिचा डोळा लागतो, तरी त्याची बोटं चालूच राहतात.